कवच खुर्चीला असावे, खुर्चीवरच्या माणसाला नव्हे

वॉशिंग्टनच्या फेडरल कोर्टातील न्यायाधीश जॉन बेट्स यांनी 1 जुलै 2022 रोजी अमेरिकी सरकारला विचारले : पत्रकार जमाल खाशोगी यांच्या हत्येबद्दल सौदी युवराज महंमद बिन सलमान यांच्यावर दाखल झालेल्या नुकसानभरपाईच्या दाव्यात तुम्हाला काही म्हणायचे आहे का? उत्तरासाठी 1 ऑगस्टची मुदत होती. सरकारने ती वाढवून मागितली, 3 ऑक्टोबरपर्यंत मिळाली. मुदत संपायला सहा दिवस उरले असताना, 27 सप्टेंबरला, रियाधमध्ये राजे सलमान यांनी फर्मान काढून युवराजांना पंतप्रधान केले. सौदी अरेबियाच्या मूलभूत कायद्यानुसार पंतप्रधानपद स्वतः राजाकडे असते. या फर्मानाने त्याला अपवाद करण्यात आला. अमेरिकी सरकारने आणखी 45 दिवस मागून घेतले. 17 नोव्हेंबरला कोर्टात निवेदन दाखल झाले की, प्रतिवादी आता एका परकीय देशाचे विद्यमान सरकारप्रमुख आहेत, सबब त्यांच्यावर दावा चालू शकत नाही. 6 डिसेंबरला दावा काढून टाकण्यात आला. आरोपांचे गांभीर्य आणि नेमणुकीची वेळ पाहून आपण अस्वस्थ आहोत, हे न्यायाधीशांनी निकालपत्रात नोंदवले. पण सरकारच्या निवेदनापुढे त्यांना दुसरा मार्ग दिसला नाही.

वादी होत्या हातिजे चेंगीझ आणि खाशोगी यांनी स्थापन केलेली संस्था. 2 ऑक्टोबर 2018च्या दुपारी लग्नासाठी लागणारा कागद आणायला खाशोगी इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत गेले, तेव्हा त्यांची ही वाग्दत्त वधू बाहेर थांबली होती. ते बाहेर आले नाहीत, आणि त्यांचा मृतदेहही आजवर मिळालेला नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये अमेरिकेच्याच गुप्तचर यंत्रणेने अहवाल जाहीर केला की, खाशोगींना पकडण्याच्या किंवा ठार मारण्याच्या कारवाईला युवराजांनी मंजुरी दिली, असा आपला निष्कर्ष आहे. युवराजांनी हुकूम दिल्याचे नाकारले आहे. दोन्ही बाजू समोरासमोर आल्या असत्या, पुरावा तपासला गेला असता, अशी जागा म्हणजे ते कोर्ट होते. ते दार एका नेमणुकीने बंद झाले.

निवेदन दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी अमेरिकी परराष्ट्र खात्याने जे समर्थन दिले तेच अशा प्रत्येक प्रकरणात दिले जाते. हा राजकीय नव्हे तर निखळ कायदेशीर निर्णय आहे. खटल्याच्या गुणदोषांशी त्याचा संबंध नाही. आंतरराष्ट्रीय रूढी फार जुनी आहे. प्रवक्त्याने पूर्वीचे दाखलेही दिले : हैतीचे आरिस्टिड, झिम्बाब्वेचे मुगाबे, काँगोचे काबिला आणि 2014 मधले भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी. हे समर्थन मला मान्य नाही, आणि ते का टिकत नाही हे मुद्द्यावर मुद्दा घेऊन सांगणे गरजेचे वाटते.

निखळ कायदेशीर निर्णय न्यायाधीश देतो. दोन्ही बाजू ऐकून देतो, कारणे लिहून देतो, आणि त्यावर अपील होते. इथे निर्णय परराष्ट्र खात्यात झाला. वादीला त्या टेबलासमोर उलटतपासणी करता आली नाही. अमेरिकी कोर्टे असे निवेदन आले की त्याच्या खोलात शिरत नाहीत, ते अंतिम मानतात. शिवाय निर्णय देणाऱ्या सरकारचे त्या देशाशी तेलापासून शस्त्रांपर्यंतचे व्यवहार चालू होते. चारच महिने आधी, जुलै 2022 मध्ये, अध्यक्ष बायडेन जेद्दाहला जाऊन युवराजांना भेटून आले होते. या निर्णयात व्यवहाराचा विचार मुळीच झाला नाही, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकेल का? मी तसा आरोप करत नाही. माझी तक्रार एवढीच की, व्यवस्थाच अशी आहे की तो संशय खोडून काढायला कोणताच मार्ग उरत नाही.

आता रूढीच्या जुनेपणाकडे येऊ. ती जुनी आहे, हे खरे. राजा म्हणजेच राज्य, या समजुतीच्या काळात ती घडली. 1890च्या दशकात लंडनमध्ये एका इंग्रज महिलेने लग्नाचे वचन मोडल्याबद्दल दावा लावला. प्रतिवादी इंग्लंडमध्ये ‘आल्बर्ट बेकर’ या नावाने वावरत होता. प्रत्यक्षात तो जोहोरचा सुलतान अबू बकर निघाला. वसाहत खात्याकडून पत्र आले की जोहोर हे स्वतंत्र राज्य आहे आणि हे गृहस्थ त्याचे अधिपती आहेत. तेवढ्यावर दावा संपला. खोट्या नावाने राहिलेल्या माणसाच्या खाजगी वचनाचा जोहोरच्या सार्वभौमत्वाशी काय संबंध होता, हे तेव्हाही कोणाला सांगता आले नव्हते आणि आजही सांगता येणार नाही.

त्याहून मागे, 1812 साली, नेपोलियनच्या ताब्यात गेलेल्या एका जहाजाच्या खटल्यात अमेरिकेचे सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी कायद्याच्या या सगळ्या शाखेचा पाया घातला. आज संरक्षणाचे समर्थक त्यांचे नाव घेतात, पण त्यांनी मांडलेला विचार सोयीस्करपणे अर्धाच सांगतात. मार्शल यांचे म्हणणे असे की, आपल्या हद्दीत राष्ट्राचा अधिकार पूर्ण असतो. परकीय राजाला मिळणारी सूट त्या राष्ट्राच्या स्वतःच्या संमतीतून येते. म्हणजे ही सूट यजमान देशाने दिलेली आहे. दिलेली सूट आखडती घेता येते, तिला अटी घालता येतात.

आणि प्रत्यक्षात ती आखडती घेतली गेलीच आहे, पण माणसाच्या बाबतीत नव्हे, तर राज्याच्या बाबतीत. परकीय राज्यावर कोणत्याही कारणाने दावा चालत नाही, हा नियम विसाव्या शतकात मोडीत निघाला. 1952 मध्ये अमेरिकेने व्यापारी व्यवहारांसाठी हे संरक्षण मिळणार नाही असे धोरण जाहीर केले. 1976 मध्ये तिथे त्याचा कायदा झाला, 1978 मध्ये ब्रिटनमध्ये. अमेरिकेच्या भूमीवर झालेल्या इजेबद्दल आणि मृत्यूबद्दलही परकीय राज्याला कोर्टात खेचता येऊ लागले. चिलीचे माजी मंत्री ओर्लांदो लेतेलिए यांना 21 सप्टेंबर 1976 रोजी वॉशिंग्टनमध्ये गाडीत बॉम्ब ठेवून मारण्यात आले, तेव्हा तिथल्या कोर्टाने चिलीच्या सरकारची सुटका मान्य केली नाही आणि 1980 मध्ये त्याच्याविरुद्ध भरपाईचा निकाल दिला.

या उलटसुलट स्थितीकडे जरा नीट पाहावे. ज्या राज्याच्या प्रतिष्ठेसाठी राष्ट्रप्रमुखाला हात लावायचा नाही, त्या राज्यावरच दावा चालतो. मालाचे पैसे बुडवले तर चालतो, राजधानीत बॉम्ब फोडला तर चालतो. पण त्या राज्याच्या शिरस्थानी बसलेल्या माणसाने वैयक्तिकरीत्या कोणाचे काही वाकडे केले असेल, तर तो खुर्चीवर आहे तोवर पीडिताने त्याचे नावही दाव्यात घालायचे नाही. मूळ सार्वभौम कोण, राज्य की माणूस? राज्याचा मान कमी करून प्रतिनिधीचा अबाधित ठेवणारा हा नियम कोणत्या तर्कात बसतो?

समर्थकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा कामकाजाचा आहे आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. राष्ट्रप्रमुख संयुक्त राष्ट्रांच्या अधिवेशनाला न्यूयॉर्कला उतरला आणि हॉटेलच्या दारात कोणी समन्स हातात ठेवले, तर परिषदा कशा व्हायच्या? मुगाबे यांना 2000 साली न्यूयॉर्कमध्ये असेच कागद देण्यात आले होते. युद्ध थांबवायला, करार करायला शत्रूलाही निर्धास्तपणे येता आले पाहिजे, हे मी मान्य करतो. फौजदारी कारवाईपासूनचे संरक्षण पदावर असेपर्यंत राहावे, हेही मान्य करतो. काँगो विरुद्ध बेल्जियम खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 14 फेब्रुवारी 2002 रोजी तेच सांगितले. राष्ट्रप्रमुखाला परक्या देशात अटक झाली तर त्याच्या देशाचा कारभार ठप्प होतो.

दिवाणी दाव्यात मात्र कोणी कोणाला बेड्या घालत नाही. वकील उभा करावा लागतो, लेखी जबाब द्यावा लागतो, हरला तर पैसे मोजावे लागतात. जगातला कोणता राष्ट्रप्रमुख वकील करण्याइतकाही मोकळा नसतो? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये स्वतःच्या विद्यमान अध्यक्षाला, बिल क्लिंटन यांना, नऊ न्यायाधीशांच्या एकमताने सांगितले की पदावर येण्यापूर्वीच्या खाजगी वर्तनाबद्दलचा दिवाणी दावा तुमची मुदत संपेपर्यंत थांबणार नाही. त्या दाव्यातून पुढे महाभियोगापर्यंत मजल गेली, असे लगेच सुनावले जाते. ती गेली शपथेवर दिलेल्या जबाबामुळे आणि अमेरिकेच्या अंतर्गत राजकारणामुळे. परक्या देशाचे कोर्ट कोणावरही महाभियोग चालवू शकत नाही. तेव्हा प्रश्न उरतो तो हा की, जो देश आपल्या अध्यक्षाला पदावर असताना दाव्याचे उत्तर द्यायला लावतो, तो परक्या युवराजाला त्याहून जास्त अभय कशासाठी देतो?

भेटीच्या वेळच्या त्रासावर तोडगा वीसेक वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेला आहे. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासकांच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल लॉ’ या जुन्या संस्थेने 2001 मध्ये व्हँकुव्हरच्या अधिवेशनात ठराव केला : दिवाणी प्रकरणात राष्ट्रप्रमुखाला परकीय कोर्टात संरक्षण मिळावे ते फक्त अधिकृत कामाच्या भाग म्हणून केलेल्या कृत्यांपुरते, मात्र तो सरकारी कामासाठी त्या देशात आलेला असताना त्याच्याबाबत कोर्टाचे कोणतेही पाऊल उचलले जाऊ नये. परिषदेला या, बोलणी करा, विमानात बसून परत जा, कोणी अडवणार नाही. त्यानंतर मात्र खाजगी कृत्याबद्दलच्या दाव्याला वकिलामार्फत उत्तर द्या. ब्रिटनच्या 1978च्या कायद्यातही राष्ट्रप्रमुखाच्या खाजगी स्थावर मालमत्तेचे, वारशाचे आणि खाजगी व्यापाराचे दावे त्याच्या संरक्षणातून वगळलेले आहेत. तिथली राजनैतिक शिष्टाई त्यामुळे कोलमडलेली नाही.

मग सांगतात, वादीने आरोपीच्या देशात दाद मागावी. खाशोगी प्रकरणात ती वाट कुठे जाते हे सगळ्यांना दिसले. सौदी कोर्टाने डिसेंबर 2019 मध्ये पाच जणांना फाशी सुनावली, सप्टेंबर 2020 मध्ये ती वीस वर्षांच्या कैदेवर आणली; एकूण आठ जणांना शिक्षा झाली, सुनावणी बंद दाराआड चालली, दोषींची नावेही जाहीर झाली नाहीत आणि वर कोणाचा हात होता हा प्रश्न उघड्यावर आलाच नाही. हत्या जिथे झाली त्या तुर्कस्तानात खटला सुरू होता; एप्रिल 2022 मध्ये इस्तंबूलच्या कोर्टाने तो सौदी अरेबियाकडे सोपवून टाकला. म्हणजे ज्या राज्याच्या माणसांवर आरोप, त्याच राज्याच्या न्यायासनापुढे फिर्याद. ज्या देशात राज्यकर्ता आणि न्यायाधीश यांच्यामध्ये भिंतच नाही, तिथे दाद मागायला सांगणे म्हणजे वादीची बोळवण करणे होय.

दुसरा सल्ला धीर धरण्याचा. पद गेले की संरक्षणही जाते, तोवर थांबा. फिलिपिन्सच्या फर्डिनांड मार्कोस यांच्याबाबतीत हे घडले. फेब्रुवारी 1986 मध्ये सत्ता गेली, ते हवाईला पळाले, त्याच वर्षी छळ झालेल्यांनी दावे लावले, मनिलाच्या नव्या सरकारने दाव्यांना पाठिंबा दिला. 1995 पर्यंत त्यांच्या इस्टेटीविरुद्ध सुमारे दोन अब्ज डॉलरचे निकाल झाले. मार्कोस 1989 मध्येच वारले होते. पण ते निवडून आलेले आणि पदच्युत झालेले अध्यक्ष होते. महंमद बिन सलमान यांचा जन्म 1985चा. पुढे ते राजे होतील आणि तिथला राजा सहसा निवृत्त होत नाही. तिथे थांबणे म्हणजे वादीने आयुष्यभर थांबणे. दरम्यान साक्षीदार मरतात, कागद गहाळ होतात, दाव्याची कायदेशीर मुदत टळते. छळ व हत्येच्या बळींसाठी अमेरिकेत जो खास कायदा आहे, त्यात ती दहा वर्षांची आहे.

शिवाय पद सोडल्यावर तरी वाट मोकळी होते का? बेट्स यांनी दावा काढला त्याच दिवशी, 6 डिसेंबर 2022 रोजी, लंडनच्या अपील कोर्टाने स्पेनचे माजी राजे हुआन कार्लोस यांच्याविरुद्धच्या छळवणुकीच्या दाव्यात निकाल दिला. राजांनी आरोप नाकारले होते. जून 2014 मध्ये गादी सोडण्यापूर्वीच्या काळातील आरोपांपुरते त्यांना संरक्षण आहे, असे कोर्टाने ठरवले, कारण वादीच्याच कथनानुसार त्या गोष्टी गुप्तचर खात्याच्या प्रमुखामार्फत झाल्या होत्या, म्हणजे सरकारी ठरत होत्या. पदावर असताना पदाचे संरक्षण, पद सोडल्यावर सरकारी कृत्याचे संरक्षण. वादीने कोणत्या तारखेला यायचे ते तरी सांगा.

आपल्याकडच्या वाचकाला इथे वेगळाच प्रश्न पडणार, आणि तो रास्त आहे. हे कवच काढले तर उद्या आपल्या पंतप्रधानांना कोणीही परक्या कोर्टात ओढेल! सप्टेंबर 2014 मध्ये मोदी पंतप्रधान झाल्यावर प्रथमच अमेरिकेला निघाले, तेव्हा 2002च्या गुजरात दंगलींबाबत न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टातून त्यांच्या नावे समन्स निघाले. परराष्ट्र खात्याने संरक्षणाचे निवेदन दिले, जानेवारी 2015 मध्ये दावा निकाली निघाला. सौदी युवराजांच्या संदर्भात तोच दाखला पुढे आल्यावर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने नापसंती व्यक्त केली, आणि ती समजण्यासारखी होती. स्वतःच्या देशात ज्या प्रकरणाचा विशेष तपास पथकामार्फत तपास झाला, जे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि जिथे जून 2022 मध्ये न्यायालयाने पथकाचा अहवाल कायम ठेवला, ते प्रकरण आणि बंद दाराआडचा सौदी खटला एका माळेत ओवण्याचे कारण नव्हते.

पण एका माळेत ओवले कोणी? या सरसकट नियमानेच. खुर्ची पाहायची आणि बाकी काही पाहायचे नाही, असे ठरले की देशात न्यायालयीन तपासणी झालेला आणि न झालेला, दोघे सारखेच दिसतात. तो नियम नसता तरी मोदींवरील त्या दाव्यापुढे अडथळे होतेच. ज्या कायद्यांखाली तो लावला होता, त्यातल्या एकाला अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये परदेशात घडलेल्या घटनांबाबत फार अरुंद करून टाकले होते. दुसऱ्यात आधी घटनेच्या देशातले उपाय संपवल्याची अट आहे. भारतात न्यायालये चालतात, हे तिथे सिद्ध करता आले असते आणि त्यात देशाचा मान जास्त राहिला असता. खाशोगी दाव्यातसुद्धा युवराजांच्या दोन सहप्रतिवादींची नावे वगळली गेली ती अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर. उगाच लावलेले दावे गाळायच्या चाळण्या कोर्टांकडे आहेत. मनमोहन सिंग यांच्यावरील दाव्यात 2014 मध्ये वॉशिंग्टनच्या कोर्टाने नेमका असा भेद केलाही : पंतप्रधान म्हणून केलेल्या कृत्यांना संरक्षण, अर्थमंत्री असतानाच्या काळाला ते संरक्षण नाही. भारतावर त्यामुळे आकाश कोसळले नाही.

आपल्या घरातही पाहू. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 86 नुसार परकीय राज्यावर किंवा त्याच्या अधिपतीवर भारतात दावा लावायचा तर केंद्र सरकारची लेखी संमती लागते. 1965 मध्ये सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांच्या खंडपीठापुढे चहाच्या पुरवठ्यावरून संयुक्त अरब प्रजासत्ताकाविरुद्धचा दावा आला, तेव्हा या संमतीवाचून तो चालणार नाही, असे ठरले. त्याच्या आदल्या वर्षी याच न्यायाधीशांनी संस्थानिकांना मिळणाऱ्या अशाच संरक्षणाबद्दल, ते घटनाबाह्य नसले तरी कायमचे चालू ठेवायचे का याचा सरकारने गंभीरपणे विचार करावा, असे निकालपत्रातून सांगितले होते. संस्थानिकांचे विशेषाधिकार पुढे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गेले. परकीय अधिपतींचे राहिले.

1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक कंत्राटदार आला. त्याने दिल्लीतील अल्जीरियाच्या दूतावासाची दुरुस्ती केली होती आणि बिल थकले होते. त्याला दाव्याची संमती नाकारताना सरकारने जे कारण दिले त्यात ‘राजकीय कारणास्तव’ हे शब्द होते. न्यायालयाने तो नकार रद्द केला आणि बाजू ऐकून, कारणे देऊन पुन्हा निर्णय घ्यायला लावले. एका माणसाचे हक्काचे पैसे राजकारणापोटी अडवायचे, हे न्यायालयाला पटले नाही.

कलम 86 मध्ये सरकार कोणत्या प्रसंगी संमती देऊ शकते याची यादी आहे : परकीय राज्याने स्वतः वादीवर दावा लावला असेल, ते इथे व्यापार करत असेल, दाव्यातली स्थावर मालमत्ता त्याच्या ताब्यात असेल, किंवा त्याने आपला विशेषाधिकार सोडला असेल. परकीय राज्याच्या स्थावर मालमत्तेचा भाडेकरू तर संमतीवाचूनच दावा लावू शकतो. पण भारताच्या भूमीवर कोणाचा जीव गेला, कोणाला जायबंदी केले गेले, हा प्रसंग त्या यादीत नाही. उद्या लेतेलिए यांच्यासारखी हत्या दिल्लीत किंवा मुंबईत झाली, तर मृताच्या घरच्यांना दाव्याची संमती द्यायची सरकारची इच्छा असली तरी या कलमाखाली ती देता येणार नाही. भारताने 2007 मध्ये राज्यांच्या संरक्षणाविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर सही केली, तो अजून मंजूर केलेला नाही. आणि त्यातही राष्ट्रप्रमुखांच्या वैयक्तिक संरक्षणाचा प्रश्न बाजूलाच ठेवलेला आहे. त्यामुळे कराराची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. संसदेने कलम 86च्या यादीत भारतात घडलेली हत्या आणि इजा घालावी. अधिपतीच्या खाजगी कृत्यासाठी संमतीची अटच काढावी. तो सरकारी भेटीवर असताना समन्स बजावू नये. आणि ज्या काळात संरक्षणामुळे दावा लावता येत नाही, तो काळ वादीच्या मुदतीतून वजा करावा.